तळाचा संघ आणि ऑगस्ट महिना

फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंतून आपला कागदी संघ निवडायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर आपसात खेळायचं. अशी लीग जिवंत आहे की नुसती नावाला उरली आहे, ते ऑगस्टमध्ये कळतं. मार्चच्या शेवटी सगळेच उत्साहात असतात. एप्रिलमध्ये सकाळी डोळे उघडले की आधी रात्रीचे आकडे बघितले जातात. मे महिन्यात कुणाचा तरी पहिल्या पसंतीचा पिचर (चेंडू टाकणारा) कोपराच्या शस्त्रक्रियेला जातो, जूनमध्ये शाळा सुटतात, माणसं गावोगावी पांगतात, आणि जुलै सरता सरता बारांपैकी चार-पाच जणांना कळून चुकतं की यंदा आपला नंबर काही लागत नाही. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही, जाब विचारणारं कुणी नाही. अशा वेळी तळाला असलेला माणूस संध्याकाळी फोन उघडून आपला संघ लावतो की नाही, यावर बाकीच्या अकरा जणांच्या सहा महिन्यांच्या मेहनतीची किंमत ठरते.

मी न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. रक्ताचे नमुने मशीनला लावले की निकाल हातात यायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळातल्या गप्पांतून आमची लीग उभी राहिली. लीगचा कारभार बघणाऱ्याला कमिशनर म्हणतात. आमचे कमिशनर म्हणजे लॅबचे निवृत्त सुपरवायझर, फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाचे कट्टर भक्त. बाकी रेडिओलॉजीतले दोघे, फार्मसीतली एक मैत्रीण, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आणि त्याचा मेहुणा, अशी सगळी मंडळी. आणि एक दादा. ते वयाने आणि अनुभवाने मोठे, लॅबमध्ये मला हाताशी धरून शिकवलेले. २०२३ च्या शेवटी ते कायमचे पुण्याला परत गेले, पण लीग सोडली नाही.

भारतातल्या वाचकाला फँटसी म्हटलं की आठवतं ते एका सामन्यापुरतं अकरा जणांचं पथक. तिथे विराट कोहली एकाच वेळी लाखो लोकांच्या संघात असतो, आणि सामना संपला की ते पथकही संपतं. बेसबॉलची लीग वेगळ्या पायावर उभी आहे. आमच्या बारा जणांत न्यूयॉर्क यँकीजचा तारा ॲरन जज एकाचाच असतो. तो मी घेतला की उरलेल्या अकरा जणांना तो हंगामभर मिळत नाही. हवा असेल तर माझ्याशी बोलून, बदल्यात काही देऊन न्यावा लागतो. खेळाडू आपला आहे ही भावना इथूनच तयार होते. तो दुखावला तर ते दुखणंही आपलंच.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत, प्रत्येकाकडे २६ खेळाडू, आणि प्रत्येक संघ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने खेळतो. म्हणजे एकूण २,४३० सामने आणि सप्टेंबरपर्यंत कुठल्याही दिवशी ७८० खेळाडू. आमचे बारा संघ प्रत्येकी पंचवीस धरले तर तीनशे खेळाडू आमच्या ताब्यात, आणि उरलेले पावणेपाचशेच्या वर बेवारशी. या बेवारशी खेळाडूंच्या यादीला वेव्हर वायर म्हणतात. बेसबॉल जवळजवळ रोज असतो, त्यामुळे ही यादीही रोज बदलते. काल ज्याला कुणी ओळखत नव्हतं तो आज दोन होम रन (थेट कुंपणापलीकडचे फटके) मारतो आणि रात्री अकराच्या आत कुणाच्या तरी संघात जाऊन बसतो.

या सगळ्याच्या मुळाशी आकडे आहेत, आणि त्या आकड्यांचं मूळ क्रिकेटमध्ये आहे, ही गोष्ट मला फार आवडते. हेन्री चॅडविक हे इंग्लंडमधल्या एक्झिटरला जन्मलेले गृहस्थ लहानपणी अमेरिकेत आले आणि पुढे न्यूयॉर्क परिसरात क्रिकेटच्या सामन्यांचं वार्तांकन करू लागले. बेसबॉलकडे वळल्यावर त्यांनी क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर १८५९ मध्ये बेसबॉलचा बॉक्स स्कोअर बसवला: कुणी किती धावा केल्या, किती हिट मारल्या, सगळं एका छोट्या चौकटीत. स्ट्राइकआऊटसाठी, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर बाद होण्यासाठी, ‘के’ हे अक्षर त्यांनीच रूढ केलं. वर्तमानपत्रात रोज छापून येणारी ती चौकट नसती तर घरबसल्या कुणाला संघ चालवता आला नसता.

संघ चालवण्याची कल्पना मात्र बऱ्याच उशिरा आली. १९६० मध्ये हार्वर्डमध्ये विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांना जमवून खेळाडू वाटून घेण्याचा एक खेळ सुरू केला आणि त्याला ‘बेसबॉल सेमिनार’ असं नाव दिलं. तो पुढे मिशिगन विद्यापीठात पोचला, आणि तिथल्या एका प्राध्यापकाकडून त्याची गोष्ट डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्याच्या कानावर गेली. ओक्रेंट पुढे संपादक झाले. १९७९-८० च्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या नियमांचा खेळ रचला आणि न्यूयॉर्कच्या मित्रांना त्यात ओढलं. मॅनहॅटनमधल्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जेवायला जमत, म्हणून लीगचं नाव रोटिसरी पडलं. आजही फँटसीच्या एका प्रकाराला ‘रोटो’ म्हणतात ते त्यावरूनच. पहिला हंगाम १९८० चा. दर माणशी ठरावीक डॉलर, त्यात सगळे खेळाडू लिलावात घ्यायचे. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर यू-हू नावाचं चॉकलेटचं पेय ओतायचं, ही प्रथाही त्यांचीच. पुढच्याच वर्षी खऱ्या खेळाडूंनी संप केला, मैदानं ओस पडली, आणि लिहायला काही न उरलेल्या क्रीडा पत्रकारांनी या नव्या छंदावर लिहायला घेतलं. खेळ देशभर गेला तो असा.

ओक्रेंट यांची आणखी एक देणगी आहे. पिचरने एका इनिंगमागे किती जणांना हिट किंवा वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) देऊन बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचू दिलं, हे मोजणारा आकडा त्यांनी आपल्या लीगसाठी तयार केला. त्याला व्हिप म्हणतात. आज टीव्हीवर पिचर मैदानात उतरला की त्याच्या नावाखाली व्हिप झळकते, आणि बघणाऱ्या बहुतेकांना ती मित्रांच्या हौशी खेळातून आली आहे याची कल्पनाही नसते. बघणाऱ्यांनी आपल्या गरजेपोटी बनवलेलं माप खऱ्या खेळाने स्वीकारावं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हंगामाची सुरुवात ड्राफ्टने, म्हणजे खेळाडू वाटून घेण्याने होते. पैसेवाल्या लीगमध्ये अनेकदा लिलाव असतो. फुकटच्या लीगमध्येही हवा असेल तर लिलाव ठेवता येतो, आणि तेव्हा प्रत्येकाला खर्चायला काल्पनिक डॉलर मिळतात ते बहुतेक ठिकाणी २६०. आम्ही मात्र नागमोडी ड्राफ्ट घेतो. पहिल्या फेरीत एक ते बारा अशा क्रमाने निवड, दुसऱ्या फेरीत उलट बारा ते एक. म्हणजे ज्याला पहिली निवड मिळते त्याची दुसरी थेट चोविसावी, आणि बाराव्या माणसाला बारावी आणि तेरावी लागोपाठ. प्रत्येक निवडीला दीड मिनिट. वेळ संपली तर यंत्र यादीतलं पुढचं नाव तुमच्या गळ्यात टाकतं. यादी समोर असते, तासन् तास अभ्यास झालेला असतो, आणि तरी आपल्या आधीच्या माणसाने आपण हेरलेलं नाव उचललं की हातपाय गार पडतात.

कुणाला घ्यायचं हे नुसत्या मोठेपणावर ठरत नाही. आमच्याकडे मोजणीचे दहा रकाने आहेत. बॅटरसाठी सरासरी, होम रन, धावा, आरबीआय म्हणजे त्याच्या फटक्यावर घरी आलेल्या धावा, आणि चोरलेले बेस, म्हणजे फटक्याशिवाय धावून गाठलेले. पिचरसाठी विजय, सेव्ह, स्ट्राइकआऊट, ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा, आणि व्हिप. रोटो प्रकारात हंगामभराची बेरीज होते आणि प्रत्येक रकान्यात पहिल्याला बारा गुण, शेवटच्याला एक. आमची लीग समोरासमोरची आहे: दर आठवड्याला एक प्रतिस्पर्धी, दहा रकाने, ज्याचे जास्त तो जिंकला. होम रन मारणारे सगळे धिप्पाड गडी गोळा केले तर बेस चोरायला कुणी उरत नाही. तोल साधावा लागतो, किंवा एखादा रकाना जाणूनबुजून सोडून द्यावा लागतो.

हा तोल खऱ्या खेळाच्या नियमांवर हेलकावे खातो, आणि जाणत्या मॅनेजरला ते आधी दिसतं. २०२३ मध्ये मेजर लीगने बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच केली, पिचरला घड्याळ लावलं आणि धावकाला रोखण्यासाठी त्याने किती वेळा चेंडू बेसकडे टाकायचा यावर मर्यादा घातली. २०२२ मध्ये सगळ्या संघांनी मिळून २,४८६ बेस चोरले होते, २०२३ मध्ये ३,५०३. अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्याने एकट्याने ७३ चोरले आणि वर ४१ होम रन मारले. एका हंगामात चाळीस होम रन आणि सत्तर बेस, असं त्याच्या आधी कुणीही केलं नव्हतं. त्यामुळे २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड ज्याच्याकडे, त्याने अकुन्या घ्यायचा हे ठरलेलंच होतं. आमच्या लीगमध्ये ती पहिली निवड दादांकडे होती. त्यांनी पुण्यातून अकुन्या घेतला.

२६ मे २०२४ ला पिट्सबर्गमध्ये बेसवरून धावताना अकुन्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. हंगाम तिथेच संपला, त्याचाही आणि जवळजवळ दादांचाही.

रोजच्या कारभाराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ड्राफ्ट झाला की काम संपलं. खरं काम नंतरच सुरू होतं. प्रत्येक जागेवर त्या जागेचाच खेळाडू लागतो: कॅचर, फर्स्ट बेस, सेकंड बेस, शॉर्टस्टॉप, थर्ड बेस, तीन आउटफिल्डर. एकाहून अधिक जागांवर चालणारा खेळाडू म्हणून सोन्यासारखा. २०२४ मध्ये मूकी बेट्स सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि आउटफिल्ड अशा तिन्हींवर लावता येत होता. खरे संघ आपली त्या दिवसाची यादी सामन्याच्या तीन-चार तास आधी जाहीर करतात. रात्रीच्या सामन्यानंतर दुपारी सामना असेल तर कॅचरला सहसा विश्रांती मिळते. ती यादी बघून मी दुपारच्या चहाला फोन काढते, बसवलेल्याला बेंचवर आणि बेंचवरच्याला आत घेते. सामना सुरू झाला की ती जागा कुलूपबंद. पश्चिम किनाऱ्याचे सामने आमच्या रात्री दहाला सुरू होतात, त्यामुळे तिथल्या खेळाडूंचा निर्णय जेवणानंतरही घेता येतो.

दुखापत झालेल्यांसाठी वेगळ्या जागा असतात. खऱ्या संघाने खेळाडूला दुखापतींच्या यादीत टाकलं, बॅटरला किमान १० दिवस आणि पिचरला १५, की आपल्यालाही त्याला तिकडे सरकवून त्याच्या जागी दुसरा घेता येतो. ज्यांना भविष्य दिसतं ते बेंचवरची एक जागा अशा मुलासाठी अडवून ठेवतात जो अजून मेजर लीगमध्ये आलेलाच नाही. आमच्या कमिशनरांनी २०२४ मध्ये पॉल स्कीन्सला असाच धरून ठेवला होता. एप्रिल संपला तरी त्याचा संघ, पिट्सबर्गचे पायरेट्स, त्याला वर आणीनात. बाकीचे म्हणत, जागा वाया घालवताय. ११ मे रोजी तो आला आणि हंगामाच्या शेवटी त्याची ईआरए १.९६ होती.

पिचरच्या बाबतीत कुठे आणि कुणाविरुद्ध हेही बघावं लागतं. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून साधारण मैलभर उंचीवर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो, आणि चांगल्या चांगल्या पिचरचे आकडे तिथे विस्कटतात. एका रविवारी माझा पिचर नेमका तिथे होता. आठवड्याभरात माझ्या पिचरनी पन्नास इनिंगमध्ये एकोणीस धावा दिल्या होत्या, ईआरए ३.४२. समोरच्याची ३.४९. स्ट्राइकआऊटमध्ये मी तीनने मागे. त्याला खेळवलं तर चार स्ट्राइकआऊट नक्की मिळणार, तो रकाना माझा. पण त्याने पाच इनिंगमध्ये तीन धावा दिल्या तर माझी ईआरए ३.६० होणार आणि तो रकाना जाणार. सहा इनिंगमध्ये दोनच दिल्या तर ३.३८, दोन्ही माझे. कागदाच्या चिठोऱ्यावर हे गणित मांडताना मी स्वयंपाकघरात उभी होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. शेवटी त्याला बसवलं. ईआरए राहिली, स्ट्राइकआऊट गेले, आठवडा सहा-चारने माझा झाला.

नवा खेळाडू घ्यायचा तर जुना सोडावा लागतो, आणि सोडलेला खेळाडू दोन दिवस वेव्हरवर राहतो. त्या दोन दिवसांत जो जो मागणी करेल त्यांच्यात क्रम लागतो. काही लीगमध्ये प्रत्येकाला हंगामभरासाठी शंभर काल्पनिक डॉलर देतात आणि बंद पाकिटातल्या निविदेसारखी बोली होते. आम्ही साधा क्रम ठेवला आहे: ज्याने सर्वांत अलीकडे कुणाला घेतलं तो रांगेत शेवटी. अदलाबदलीला कमिशनरची मंजुरी लागते. पुष्कळ लीग अदलाबदल मतदानाला टाकतात, आणि मला ते चूक वाटतं. मतदान करणारे सगळे प्रतिस्पर्धीच असतात. समोरचा बळकट होतोय म्हणून चांगल्या सौद्यालाही हात वर होतात. सौदा संगनमताचा आहे का, एवढंच बघायचं असतं, आणि ते काम एका समंजस माणसाचं आहे.

सगळ्यात नाजूक रकाना सेव्हचा. संघ तीन किंवा कमी धावांनी पुढे असताना शेवटची इनिंग टाकून विजय राखणाऱ्या पिचरला सेव्ह मिळतो. हे काम प्रत्येक संघात सहसा एकाच माणसाकडे असतं, त्याला क्लोजर म्हणतात. जुलैच्या शेवटी खऱ्या संघांच्या अदलाबदलीची मुदत येते आणि एका रात्रीत क्लोजरचं पद जातं. २०२४ मध्ये टॅनर स्कॉट मायामीचा क्लोजर होता. मुदतीच्या दिवशी तो सॅन डिएगोला गेला, तिथे रॉबर्ट सुआरेझ आधीच त्या जागेवर होता. स्कॉट पहिल्याइतकाच चांगला पिचर राहिला, पण ज्यांनी त्याला सेव्हसाठी ठेवलं होतं त्यांचा तो रकाना कोरडा पडला.

सांगलीहून बाबांचा फोन येतो तेव्हा इथे रात्र असते. एकदा त्यांनी मला आकडे बोलून दाखवताना ऐकलं.

“अगं, पैसे-बिसे लावत नाहीस ना?”

“नाही हो बाबा. फुकट आहे सगळं.”

“मग एवढी जागतेस कशाला?”

प्रश्न रास्त होता. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देते.

आधी, फुकट कसं परवडतं ते. याहूसारख्या संकेतस्थळांनी १९९९ पासून फुकट लीग द्यायला सुरुवात केली, कारण सहा महिने रोज न चुकता येणारा माणूस जाहिरातदाराला हवाच असतो. खेळाडूंची नावं आणि आकडे वापरायचे तर परवाना लागतो का, यावर सेंट लुईसची सीबीसी ही कंपनी आणि मेजर लीग यांच्यात खटला झाला. २००७ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला: ही माहिती आधीच सार्वजनिक आहे, ती वापरायला कुणाची परवानगी नको. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. कुणी कितवा होम रन मारला ही बातमी साऱ्या गावाची, हे कायद्याने मान्य झालं. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. तेव्हा पैशांशिवाय यात मजा ती काय राहणार, असं मी अनेकांकडून ऐकलं. मला वाटतं, त्यांनी एकदा मोसमभराची लीग खेळून बघावी.

पैसे नसले की लीगला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माणसांचा शब्द. भिशीत ज्याची चिठ्ठी पहिल्याच महिन्यात निघाली, त्याने पुढचे अकरा महिने हप्ता भरला तरच भिशी चालते. लीगचंही तसंच. ज्याचं जिंकणं संपलं तो संघ लावत राहिला तरच बाकीच्यांचं जिंकणं खरं. समजा एकाने जूनमध्ये संघ वाऱ्यावर सोडला. त्याचे दुखापतग्रस्त खेळाडू तसेच आत राहतात, विश्रांतीवरचे तसेच राहतात. मे महिन्यात ज्यांची त्याच्याशी गाठ पडली त्यांना खरा प्रतिस्पर्धी मिळाला. ऑगस्टमध्ये ज्यांची पडेल त्यांना आयता विजय. तक्ता मग तक्ता राहत नाही, वेळापत्रकाचा जुगार होतो. फुकटच्या लीग मरतात त्या अशाच, भांडण नाही, तंटा नाही, एकेक जण फोन उघडायचा थांबतो.

आमच्या कमिशनरांनी यावर काही कडक नियम केले नाहीत. दोन आठवडे कुणी संघाला हात लावला नाही तर ते त्याला फोन करतात आणि आधी घरी सगळं ठीक आहे ना, ते विचारतात. एकदा एकाच्या घरी खरोखरच ठीक नव्हतं, तेव्हा सगळ्यांच्या संमतीने त्याचा संघ त्याच्या बायकोने महिनाभर लावला.

दादांना असा फोन कधी करावा लागला नाही. अकुन्या गेल्यावर जूनच्या मध्यापासून ते तळाशी होते. पुण्यात असल्यामुळे त्यांची अडचण आणखी मोठी: इथे संध्याकाळी सातचा सामना म्हणजे तिथे पहाटेचे साडेचार. खऱ्या संघांच्या याद्या जाहीर होतात तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून ते झोपण्याआधी अंदाज बांधत. काल कोण रात्री उशिरापर्यंत खेळला, उद्या समोर डावखुरा पिचर असेल तर कुणाला बसवतील, याच्या नोंदी त्यांनी एका वहीत ठेवल्या होत्या. मला व्हिडिओ कॉलवर ती वही त्यांनी दाखवली. लॅबमध्ये मशीनच्या रोजच्या तपासणीची नोंद ते ज्या बारीक, सरळ अक्षरात ठेवत त्याच अक्षरात, तारीख, संघ, खेळाडू, शेरा. “यँकीज, दुपारचा सामना, कॅचर बहुधा नाही.” पान भरलेलं.

ऑगस्टच्या अखेरीस साखळीचा शेवटचा आठवडा होता आणि माझी गाठ दादांशी होती. पहिले सहा संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात. मी सातवी, सहाव्यापेक्षा अर्ध्या विजयाने मागे, आणि सहाव्या क्रमांकावरच्या फार्मसीतल्या मैत्रिणीचा तो आठवडा हातचा गेल्यात जमा होता. मला जिंकायलाच हवं होतं. बरोबरी झाली तर आम्ही दोघी सारख्या, पण आपसातल्या सामन्यात तीच वरचढ होती. रविवारी सकाळी पाच रकाने माझे, चार दादांचे, आणि सेव्हमध्ये तीन-तीन अशी बरोबरी. तसंच राहिलं तर मी आत.

दुपारी दीडच्या सुमाराचा सामना. पुण्यात रात्रीचे अकरा. सामन्याच्या आधी थोडा वेळ दादांनी एक बॅटर सोडला आणि बेवारशी यादीतून एक पिचर घेतला, ज्याच्या नावावर हंगामभरात नाव घेण्यासारखे सेव्ह नव्हते. मला अर्थबोध होईना. नवव्या इनिंगमध्ये त्याचा संघ दोन धावांनी पुढे होता. राखीव पिचर बसतात तिथलं दार उघडलं आणि क्लोजरऐवजी हा गडी मैदानात आला. तीन बॅटर, तीन आऊट. सेव्ह चार-तीन, आठवडा पाच-पाच. मी प्लेऑफच्या बाहेर.

मी फोन केला. “दादा, तुम्हाला सुचलं कसं हे?”

“अगं, त्यांच्या क्लोजरने गुरुवार, शुक्रवार, शनिवार सलग टाकलं होतं. चौथ्या दिवशी त्याचा हात कोण वापरणार? मग आठवी इनिंग टाकणाराच नववी टाकणार.” थोडं थांबून म्हणाले, “समोर तू होतीस म्हणून काय सोडून द्यायचं होतं का?”

मी नाही म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मला वाईट वाटलं होतंच. इतक्या जवळ येऊन हुकलं की वाटतंच. पण त्या आठवड्याच्या तक्त्याबद्दल बारांपैकी कुणाच्याही मनात शंका नव्हती. सहाव्या क्रमांकावर राहिलेली फार्मसीतली मैत्रीण आपल्या हिमतीवर आत गेली, तिला कुणी आंदण दिलं नव्हतं. आणि दहा-अकरा आठवडे तळाशी असलेला माणूस रात्री अकरा वाजता एका अनोळखी पिचरच्या हातावर विचार करत बसला होता. बाबांना मी हेच सांगायला हवं होतं.

आमच्याकडे प्लेऑफ हुकलेल्या सहा जणांची सप्टेंबरमध्ये वेगळी स्पर्धा होते, आणि तिच्या विजेत्याला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये हवी ती निवड मिळते. काही लीगमध्ये शेवटच्या संघाला पहिली निवड देतात. आमच्या कमिशनरांचं म्हणणं, हरण्याला बक्षीस दिलं तर माणसं हरायला शिकतील. मला ते शंभर टक्के पटतं. सप्टेंबरमध्ये ती स्पर्धा दादांनी जिंकली.

२०२५ चा ड्राफ्ट आम्ही रविवारी सकाळी साडेनऊला ठेवला, म्हणजे पुण्यात संध्याकाळचे सात. दादांनी पहिली निवड मागितली आणि कॅन्सस सिटीचा बॉबी विट घेतला. ओहतानी समोर होता, २०२४ मध्ये ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस नावावर असलेला. जज होता. दादांचं कारण साधं होतं: विट आदल्या हंगामात १६२ पैकी १६१ सामने खेळला होता, आणि मध्यरात्री याद्या बघायला उठायची गरज न पडणारा खेळाडू त्यांना हवा होता. माझी पाळी सातवी होती. पहिल्या फेरीत पिचर घेऊ नये असं बरेच जाणकार सांगतात, कारण पिचरचे हात नाजूक. मी स्कीन्स घेतला. त्याची ईआरए त्या वर्षी १.९७ राहिली, उत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कारही मिळाला. विजयांच्या रकान्यात मात्र त्याच्या नावावर फक्त १० लागले, कारण पायरेट्सना त्याच्यासाठी धावाच करता येत नव्हत्या. तो रकाना मी वर्षभर इतरांकडून भरून काढत राहिले.